परदेशात भाड्याने गाडी घेताना



हळदीकुंकू असो की कोजागिरी, आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या पंगतीत हल्ली एक विषय हमखास निघतो. कुणाचा मुलगा जर्मनीत आहे, कुणाची सून-मुलगी इंग्लंडात, कुणाचे जावई अमेरिकेत. मे महिन्यात किंवा दिवाळीनंतर आपण त्यांच्याकडे जातो आणि चार दिवस फिरायचे ठरले की प्रश्न येतो, "तिथे गाडी भाड्याने घेतली तर?" गेल्या वर्षी आम्ही चौघांनी, म्हणजे अमरगोळच्या दोन कुटुंबांनी, ती घेतली. म्युनिकहून निघून बव्हेरियातली खेडी, ऑस्ट्रियातले साल्झबुर्ग आणि इन्सब्रुक असे आठ दिवस फिरलो. सहल फार छान झाली, पण पहिले तीन तास आणि परतल्यानंतरचा एक महिना विसरण्यासारखा नव्हता. तेव्हापासून इतक्या जणांनी विचारले की शेवटी सगळे लिहूनच काढावे असे ठरले.

गोव्याला जाताना आपल्याला हे काही लागत नाही. रामनगर-अनमोडवरून आपलीच गाडी उतरते, आणि तिथे जाऊन भाड्याने घेतलीच तर पाटी काळी आणि अक्षरे पिवळी आहेत एवढे पाहिले की आपली चौकशी संपते. परदेशात गाडीपेक्षा कागद आधी बघतात.

पहिला कागद म्हणजे इंटरनॅशनल परमिट. भारतात हे फक्त आर.टी.ओ. देते. इंटरनेटवर 'दोन दिवसांत घरपोच आंतरराष्ट्रीय लायसन्स' अशा ज्या जाहिराती दिसतात, त्यांना बळी पडू नका; ते पुस्तक दिसायला सुंदर असते, पण त्याला किंमत नाही. अर्ज परिवहनच्या 'सारथी' संकेतस्थळावर करायचा. फॉर्म ४-ए, डॉक्टरांचे फॉर्म १-ए मधले प्रमाणपत्र, मूळ लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाची प्रत, फी १००० रुपये. आपले अमरगोळ हुबळी आणि धारवाडच्या मधोमध असल्यामुळे के.ए. २५ ला जायचे की के.ए. ६३ ला, यावर आमच्यात एक संध्याकाळ वाद झाला. लायसन्सवरचा पत्ता आणि ते कुठल्या कार्यालयाचे आहे हे आधी बघून घ्या, म्हणजे फेरी वाचेल. परमिट जास्तीत जास्त एक वर्ष चालते, म्हणून फार आधी काढून ठेवू नये. आणि ते एकटे चालत नाही. आपले मूळ लायसन्स, म्हणजे खरे प्लॅस्टिकचे कार्ड, सोबत हवेच. मोबाइलमधले डिजिलॉकर आपल्या पोलिसाला चालते, परदेशातल्या काउंटरवर त्याचा भरवसा धरू नये.

देशादेशात फरक आहे. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते. जर्मनीत सहा महिने, पण सोबत परमिट किंवा मान्य भाषांतर लागते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कायद्याने लागत नसले तरी गाडी देणारी कंपनी मागू शकते, म्हणून आमचे मत असे की हजार रुपयांकडे बघू नये, काढून घ्यावे.

आणि घरात ज्या ज्या कुणाला गाडी येते त्या सगळ्यांनी काढावे. हे का, ते पुढे येते.

आमची गाडी स्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या मुलाने दोन महिने आधी ऑनलाइन बुक केली होती, पैसेही भरले होते. चालक म्हणून नाव आमच्यातल्या सर्वांत अनुभवी माणसाचे, आपण त्यांना काका म्हणू. तीस वर्षे गाडी चालवतात, हुबळी ते पंढरपूर एका दमात जातात. काउंटरवरच्या मुलीने लायसन्स पाहिले, परमिट पाहिले, पासपोर्ट पाहिला आणि म्हणाली, "क्रेडिट कार्ड?" काकांनी डेबिट कार्ड पुढे केले. चालत नाही. फॉरेक्स कार्ड दिले. चालत नाही. काकूंचे क्रेडिट कार्ड दिले, तर म्हणाली की कार्डावर ज्याचे नाव, करार त्याच्याच नावाने होईल, आणि काकूंना गाडी येत नाही. मुलगा फोनवर तिकडून भांडत होता, पण त्याचाही उपयोग नव्हता, कारण तो स्वतः तिथे हजर नव्हता. ही अट बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेली होती. आम्ही कुणी ती वाचली नव्हती.

तिथे मागे उभ्या असलेल्या वहिनींनी पर्स उघडली. त्या रोज नवनगरहून ए.पी.एम.सी.पर्यंत गाडी नेतात. त्यांच्याकडे स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड होते आणि परमिटही होते, निघण्याआधी "तू कशाला काढतेस?" असे आम्ही त्यांना विचारले होते, हे इथे कबूल करतो. करार त्यांच्या नावावर झाला. पण नाव बदलता येत नसल्यामुळे जुने बुकिंग रद्द, नवीन दर त्या दिवसाचा, म्हणजे जवळजवळ दीडपट. काका 'दुसरा चालक' झाले, त्याचे रोजचे पैसे वेगळे.

तेव्हा कार्डाविषयी नीट लक्षात घ्या. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे हवे आणि त्यावर पुरेशी मर्यादा हवी, कारण कंपनी भाड्याव्यतिरिक्त डिपॉझिटची रक्कम अडकवून ठेवते. ती खर्च होत नाही, पण गाडी परत केल्यावरही मोकळी व्हायला काही दिवस लागतात. तेवढ्या काळात त्याच कार्डावर हॉटेल भरायचे ठरवले असेल तर पंचाईत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून नवीन कार्डावर परदेशातला व्यवहार बंदच असतो, तो बँकेच्या ॲपमधून इथूनच चालू करून जा. मशीनवर 'रुपयांत की युरोत?' असे विचारले तर युरो निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण दर त्यांचा असतो.

वयाचेही विचारून घ्या. तरुणांना, पंचविशीच्या आतल्यांना, बहुतेक ठिकाणी जादा पैसे पडतात. आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांनी उलट बाजू बघावी: काही देशांत पंचाहत्तरीच्या पुढे कंपन्या अटी घालतात.

आता विम्याचे. इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो आणि सर्वांत जास्त पैसे जातात. युरोपात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा भाड्यातच असतो. आपल्या हातातल्या गाडीचे नुकसान झाले तर मात्र एका ठराविक रकमेपर्यंत ते आपण सोसायचे, त्यापुढचे कंपनीने. ही रक्कम हजार-दीड हजार युरो असणे नेहमीचे आहे, आणि डिपॉझिट साधारण तेवढ्यासाठीच अडकवतात. काउंटरवर 'पूर्ण संरक्षण घ्या' म्हणतात ते ही रक्कम शून्यावर आणण्यासाठी. घ्यावे की नाही? आमचे प्रामाणिक मत: उजव्या बाजूने पहिल्यांदाच गाडी चालवणार असाल तर घ्या, पण काउंटरवर नव्हे, बुकिंग करतानाच, सहसा स्वस्त पडते. काचा, टायर, गाडीचा खालचा भाग आणि छप्पर त्यात येते का, हे एकदा वाचा. अनेकदा येत नाही. काही प्रवास विम्यांतही हा खर्च परत मिळतो, पण आधी आपण भरायचा आणि मग मागायचा.

अमेरिकेत प्रश्न उलटा असतो. तिथे दुसऱ्याच्या नुकसानीचे संरक्षण भाड्यात फारच कमी असू शकते, आणि तिथले दवाखान्याचे बिल आपल्याला ठाऊक आहे. तिथे तो भाग वाढवून घ्या. आणि कुठल्याही देशात असो, करारावर ज्याचे नाव नाही त्याने पाच मिनिटेही स्टिअरिंग धरू नये. "जरा पेट्रोल पंपापर्यंत नेतो" एवढ्यात काही झाले तर विमा हात वर करतो.

सीमा ओलांडायची असेल तर तेही करारात लिहून घ्या. आम्ही ऑस्ट्रियात जाणार हे वहिनींनी सांगितले म्हणून बरे झाले. ऑस्ट्रियाच्या महामार्गांना 'व्हिन्येट' लागते, आपल्या फास्टॅगसारखी दर नाक्यावर वजावट नाही, ठराविक दिवसांचा पास. जर्मनीतल्या गाडीवर तो असेलच असे नाही. ब्रेनरसारख्या काही रस्त्यांचा टोल त्याशिवाय वेगळा. स्वित्झर्लंडमध्ये एक दिवस जायचे असले तरी वर्षाचाच पास घ्यावा लागतो, ४० फ्रँक.

गाडी चालवण्याचे म्हणाल तर भीती वाटते तेवढे अवघड नाही. ब्रिटन, आयर्लंड, मॉरिशस, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया इथे आपल्यासारखेच डावीकडून. मॉरिशसला तर आपली मराठी मंडळी पिढ्यान् पिढ्या आहेत आणि गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते, त्यामुळे परदेशातली पहिली गाडी तिथे चालवावी असे आम्ही गमतीने म्हणतो. युरोपात आणि अमेरिकेत उजवीकडून. एकच खूण लक्षात ठेवली: चालक नेहमी रस्त्याच्या मध्याकडे बसलेला असतो, इथेही आणि तिथेही. चूक गर्दीत होत नाही, कारण समोरच्याच्या मागे आपण जातो. चूक होते सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना, किंवा पेट्रोल भरून बाहेर पडताना. शेजारी बसलेल्याने त्या वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचे, हे काम काकूंनी आठही दिवस चोख केले. इंडिकेटर लावायला गेलो की वायपर फिरायचा, कारण तिथे इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला. गिअरची सवय उजव्या हाताला नसते, म्हणून ऑटोमॅटिक गाडीच मागा आणि आधीच मागा, युरोपात ती आपोआप मिळत नाही.

जर्मनीत ज्या चौकात पाटी किंवा सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग तो कितीही छोट्या गल्लीतून येवो. महामार्गावर डावी लेन फक्त पुढे जाण्यासाठी. ओलांडले की लगेच परत उजवीकडे. आपल्याकडे चिगरीच्या लेनमध्ये दुसरी गाडी शिरली की सगळे कसे बघतात, तसे तिथे डाव्या लेनमध्ये रेंगाळणाऱ्याकडे बघतात. आणि वाहतूक तुंबली की गाड्या आपण होऊन दुभंगतात: अगदी डावीकडची लेन डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे, मधून ॲम्ब्युलन्ससाठी वाट. हे अपघात दिसल्यावर नव्हे, गर्दी थांबू लागताच करायचे असते आणि ते कायद्याने सक्तीचे आहे. आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा हुबळी-धारवाड बायपासची आठवण होऊन चौघेही गप्प झालो.

पेट्रोल आपल्या हाताने भरायचे. जर्मनीत पेट्रोलला 'बेन्झिन' म्हणतात आणि फ्रान्समध्ये 'गॅझोल' म्हणजे डिझेल. चुकीचे भरले तर तो खर्च सहसा विम्यात नसतो. नातवंडे सोबत असतील तर जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि १५० सें.मी. पेक्षा कमी उंचीच्या मुलाला मुलांची सीट लागते. मांडीवर घेण्याचा विषयच नाही. इटलीत जुन्या शहरांच्या आतल्या भागात परवानगीशिवाय गाडी नेली तर कॅमेरा टिपतो आणि दंड घरी येतो.

आमच्याही घरी आला. एका गावात मर्यादेपेक्षा ताशी १० कि.मी.च्या आत जास्त वेग, त्याचा दंड ३० युरो. तो योग्यच होता, भरला. कंपनीने आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे मात्र वेगळे कापले, आणि तेही करारात लिहिलेले होते. त्याच्या मागोमाग दुसरी ईमेल आली: मागच्या उजव्या चाकाच्या रिमवर ओरखडा, ६४० युरो. इथे आम्ही वाचलो ते मुलाच्या हट्टामुळे. गाडी घेताना त्याने फोनवरून सांगून चारही चाकांचे, काचांचे, छताचे आणि आतल्या किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढायला लावले होते. विमानतळाच्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये, दमलेल्या अंगाने, वहिनी वाकून चाकांचे फोटो काढत होत्या आणि आम्ही "चला आता" म्हणत होतो. त्या फोटोत तो ओरखडा आधीपासून दिसत होता, वेळेसकट. फोटो पाठवले, दोन आठवडे उत्तर नाही, पुन्हा पाठवले, मग एका ओळीत मागणी मागे घेतली. गाडी परत करतानाही असेच फोटो काढा, आणि शक्यतो कार्यालय उघडे असताना, माणसाच्या हातात किल्ली द्या. टाकी भरून दिल्याची पावती महिनाभर जपून ठेवा.

जर्मनीत पार्किंगसाठी अनेक ठिकाणी पैसे नसतात, पण काचेआड एक निळी चक्री ठेवावी लागते. आपण पोचल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासावर तिचा काटा लावायचा, म्हणजे दहा वाजून दहा मिनिटांनी आलात तर साडेदहावर. आमच्या गाडीत ती नव्हती, म्हणून एका पेट्रोल पंपावर विकत घेतली. ती इथे अमरगोळलाच आहे. या उन्हाळ्यात तिकडे कुणी जाणार असेल तर बनशंकरीच्या देवळाकडे येता-जाता घरी येऊन घेऊन जावी, आणि परत आल्यावर पुढच्यासाठी आणून द्यावी.