आधी पट्टी घ्या, मग फडकं

लेझर प्रिंटरच्या कागदावर तोच काळा ठिपका ठरावीक अंतराने उमटत असेल, तर दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजावं. आतला प्रत्येक रोलर आपल्या परिघाइतकं फिरला की डाग पुन्हा टेकवतो, त्यामुळे दोषी भाग पट्टीवरच सापडतो. एचपी १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० यांच्या ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर. तिथला ठिपका सुमारे ७५ मिलिमीटरवर परततो.

उभी पांढरी रेघ ही वेगळी तक्रार. टोनर संपत आलेला नसेल, तर बहुधा लेझरच्या वाटेत धूळ बसलेली असते. रिफिलनंतर कागदभर करडी झाक आली, तर भरणाऱ्याने टाकाऊ टोनरचा कप्पा रिकामा केला का, हे आधी विचारावं. घाईच्या कामात नेमकं तेच राहून जातं!

तरीही उलगडा झाला नाही, तर छपाई अर्ध्यावर थांबवून ड्रम पाहावा. त्यावरची अक्षरं स्वच्छ असतील, तर संशय पुढच्या रोलरवर किंवा टोनर कागदावर पक्का करणाऱ्या फ्यूजरवर. फ्यूजर साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. प्रिंटर बंद करून तो पुरता निवू द्यावा.

पुसायला कोरडं, धागे न सुटणारं कापड हवं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. टोनरचे बारीक कण त्याच्या फिल्टरमधून निसटून खोलीभर उडतात. हात थंड पाण्यानेच धुवावेत, गरम पाण्याने टोनर मऊ होऊन चिकटतो. काढलेला ड्रम उजेडापासून झाकून ठेवावा.

ड्रमवर ओरखडा असेल, तर मात्र पुसून उपयोग नाही. तो बदलावाच लागतो.