एक टन ओला कचरा: कुठे टाकला, तर किती वायू?

आजचा विषय आहे कचऱ्यातून निघणाऱ्या हरितगृह वायूंचा हिशेब. हे काम मोठ्या शहरांचं, असं आपल्याला वाटतं. पण गोंदिया किंवा तिरोड्यासारख्या गावातही तो वही-पेन घेऊन मांडता येतो.

ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. पाणी साचलेल्या धानाच्या बांधीत पाय टाकला की चिखलातून बुडबुडे येतात. त्यांत मिथेन असतो. चिखलात हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून हा वायू तयार करतात. कचऱ्याच्या ढिगाच्या पोटात हेच घडतं. उरलेला भात, भाजीची देठं, फळांच्या साली वरच्या थराखाली दबल्या, हवा संपली, की मिथेन सुरू.

आता हिशेब. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची आंतरसरकारी समिती, हिने अशा अंदाजासाठी प्रमाणं दिली आहेत, तीच घेऊ. एक टन ओला कचरा म्हणजे १,००० किलो. त्यात कुजू शकणारा कार्बन साधारण १५ टक्के, म्हणजे १५० किलो. त्यातला निम्माच प्रत्यक्षात कुजतो: ७५ किलो. तयार होणाऱ्या वायूत निम्मा मिथेन धरतात, म्हणून मिथेनच्या वाट्याला साडेसदतीस किलो कार्बन. कार्बनचा अणुभार १२, मिथेनचा रेणुभार १६. साडेसदतीसला १६ ने गुणून १२ ने भागा. येतात ५० किलो मिथेन. ही झाली कमाल मर्यादा.

पुढचा प्रश्न: ढीग किती उंच? पाच मीटर किंवा जास्त असेल, तर ०.८ ने गुणायचं: ४० किलो. त्यापेक्षा उथळ असेल, तर थोडी हवा खेळते, म्हणून ०.४: २० किलो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरतात. म्हणजे उंच ढिगाचे १,१२० किलो, उथळ ढिगाचे ५६०. जागा वाचवायला ढीग उंच केला, की तोच कचरा दुप्पट भारी पडतो.

याच एक टनाचं कंपोस्ट केलं तर? सुमारे ४ किलो मिथेन आणि पाव किलोच्या आसपास नायट्रस ऑक्साइड. दोन्ही मिळून साधारण १७५ किलो. उंच ढिगाच्या सहाव्या हिश्शाहून कमी. बायोगॅस संयंत्रात गळती धरून एक किलोपेक्षा कमी मिथेन सुटतो, म्हणजे वीसेक किलो. शिवाय मिळालेल्या गॅसमुळे सिलिंडर वाचतो, तो फायदा वेगळा.

तुम्ही म्हणाल, ओल्या कचऱ्यासाठी घंटागाडीची वेगळी फेरी, मग डिझेलचं काय? एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. टनामागे पाच लिटर जास्त लागलं तरी साडेतेरा किलो! हजारासमोर हे किती, ते तुम्हीच बघा.

आणि जाळून टाकला तर? पालापाचोळ्याचा कार्बन हवेतूनच आलेला असतो, म्हणून त्याचा कार्बन डायऑक्साइड या हिशेबात धरत नाहीत. प्लॅस्टिकचा कार्बन मात्र जमिनीखालच्या तेलातला. एक टन प्लॅस्टिक पूर्ण जळलं तर साधारण २,७५० किलो. विषारी धुराची मोजणी तर यात नाहीच.

आणखी एक सवय लावून घ्या: 'नाहीतर काय झालं असतं?' असं विचारायची. राईस मिलच्या बॉयलरमध्ये धानाचं तूस जाळलं आणि तेवढा कोळसा वाचला, तर तो कोळसा हिशेबातून वजा होतो. तेच तूस उघड्यावर पेटवलं, तर वजा करायला काहीच नाही.

आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा दमट हवेत अन्नाचा कचरा निम्मा कुजायला साधारण दोन वर्षं धरतात. म्हणजे जुना ढीग अजून काही वर्षं मिथेन सोडत राहणार. तो आज थांबत नाही. आज वेगळा काढलेला कचरा मात्र त्यात भर घालत नाही.

ओला-सुका वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केलं. पण हिशेबासाठी एक आकडा हवाच: रोज ओला कचरा किती किलो येतो? धानाचं प्रत्येक पोतं काट्यावर चढवणाऱ्या जिल्ह्याला हे अवघड नाही. आधी महिनाभर वजन करा. बाकीचा गुणाकार तुम्हाला आता येतो.