पट्टा पोटाला, पण जिभेचे काय?

शस्त्रक्रिया झाली, आता वजन आपोआप उतरेल, अशी घरच्यांची समजूत असते. जठराच्या वरच्या टोकाशी सिलिकॉनचा पट्टा बसतो आणि त्याच्या वर जेमतेम 15 ते 30 मिलिलिटरची थैली उरते. चार घासांत पोट भरते. खरी परीक्षा सुरू होते ती पानावर बसल्यावर.

पोळीचा घास नीट न चावता गिळला की तो पट्ट्यापाशी अडकतो. छातीत दाटते, तोंडाला लाळ सुटते आणि उलटी झाल्यावरच सुटका होते. ताजा पाव आणि चिकट भात यांचा त्रास अधिक. उलट बासुंदी, आइस्क्रीम, सरबत सुळकन खाली उतरतात! कंटाळा आला किंवा मन उदास झाले की गोडाकडे वळणाऱ्या बाईचे वजन इथेच थबकते. पट्टा पोटाला असतो, सवयीला नाही.

म्हणून आधी वरण, पनीर, अंडे किंवा मासळी, मग बाकीचे. जेवताना पाणी नको. आणि सासूबाईंनो, ‘अजून एक घास’ हा आग्रह आता खरोखरच पुरे! सुनेने हात आखडता घेतला तर ते नखरे नव्हेत.

त्वचेखाली बसवलेल्या छोट्या कुपीत सुईने सलाइन भरून किंवा काढून डॉक्टर पट्टा घट्ट-सैल करतात, त्यामुळे तपासण्या चुकवू नयेत. वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर पट्टा सरकलेला असू शकतो. पाण्याचा घोटही उतरेनासा झाला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.