कासवासाठी कापलेलं जाळं

समुद्री कासव जवळपास जन्मभर समुद्रात राहतं, पण श्वास हवेतच घेतं. त्याला माशासारखे कल्ले नाहीत, आपल्यासारखी फुप्फुसं आहेत. कोळंबीसाठी तळ खरवडत निघालेलं ट्रॉलरचं जाळं तास-तासभर वर येत नाही. तेवढ्या वेळात आत सापडलेलं ऑलिव्ह रिडले कासव गुदमरून मरतं. त्याला मारायचं कुणाच्याच मनात नसतं, आणि कायद्याची खरी अडचण तीच आहे.

कायदा तसा कडक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात हे कासव वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारलं किंवा त्याची अंडी उचलली, तर तीन ते सात वर्षं कैद. २०२२च्या दुरुस्तीने किमान दंड १० हजारांवरून २५ हजार झाला. पण खोल समुद्रात, रात्रीच्या वेळी जाळ्यात काय आलं हे बघायला वनरक्षक कुठून येणार? मेलेलं कासव पाण्यात ढकललं की पुरावाही गेला.

ओडिशात १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात अंडी घालण्याच्या किनाऱ्यांजवळ २० किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते. तरीही मेलेली कासवं वाहून येतात. यावर एक साधा उपाय आहे. जाळ्याच्या निमुळत्या भागात गजांची तिरपी चौकट बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना अडून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. त्याच वाटेने थोडी मासळीही निसटते, म्हणून ट्रॉलरवाले ही चौकट बसवायला नाखूश असतात. अशा चौकटीविना पकडलेली आपली समुद्री कोळंबी अमेरिकेने नाकारली, तेव्हा कुठे या चौकटीची चर्चा पुन्हा जोरात सुरू झाली.

महाराष्ट्राने २०१८च्या डिसेंबरात वेगळी वाट धरली. जाळं कापून कासव, देवमासा किंवा बहिरी मासा सोडला, त्याचे फोटो दिले, तर मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई. किमान दंडाची आणि कमाल भरपाईची रक्कम सारखीच आहे. माझ्या मते समुद्रात दंडापेक्षा भरपाईच अधिक उपयोगी पडते. हातावर पोट असलेल्या माणसाला नवं जाळं परवडत नाही, हे या योजनेने आधी ओळखलं.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वेळास गावाचा अनुभवही हेच सांगतो. तिथे अंडी उकरून नेली जात. कायदा होऊन तीस वर्षं झाली तरी ते थांबलं नव्हतं. २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांनाच घरट्यांची राखण करायला सोबत घेतलं, आणि किनारा बदलला.

राज्यांचा मासेमारी कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच चालतो. कासवाला मात्र अशा हद्दी ठाऊक नसतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१मध्ये परावर धातूची पट्टी लावलेली एक मादी २०२५मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. भारताच्या टोकाला वळसा घालून, किती राज्यांच्या जाळ्यांतून वाचत ती इथवर आली असेल!