पुट्टीखालची एमजी

एमजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हेक्टर येते ना? साहजिकच आहे, २०१९पासून ती रस्तोरस्ती दिसते. पण ज्या गाड्यांनी हे नाव जगभर नेलं, त्यातली एमजी टीसी ही चीजच वेगळी! १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात जेमतेम दहा हजार टीसी बनल्या. दोन सीट, १२५० सीसीचं इंजिन, सायकलसारखी तारांची चाकं. आणि स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे मुंबईत चालवायला एकदम सही.

अशी गाडी गिरगावातल्या एखाद्या वाडीत ताडपत्रीखाली सापडली, तर पहिला मोह होतो चकाचक लाल रंगाचा. तो आवरा. आधी एक साधं लोहचुंबक दारांच्या आणि मडगार्डच्या कडांवरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टीच आहे असं समजा. (सत्तर-पंचाहत्तर वर्षांत किती गॅरेजांनी किती थापली असेल, देव जाणे.)

टीसीची खरी गंमत मात्र पत्र्याच्या आत आहे. बॉडीचा सांगाडा चक्क लाकडी! ॲश नावाच्या लवचिक विलायती लाकडाचा. आपल्या पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत तो सांध्यांपाशी कुजतो. मग दारं लोंबतात, फटी वाकड्या होतात आणि लालबाग-परळचा कितीही मुरलेला डेंटर पत्रा ठोकत बसला, तरी दार काही लागत नाही. इथे आधी सुतार लागतो. ॲशऐवजी सागवान वापरता येतं, पण ते तेलकट असल्यामुळे चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्यायचं. कुजलेला तुकडा फेकू नका, नव्याचं माप त्यावरूनच निघतं.

मग पत्रा. गंजलेलं तेवढंच कापायचं, त्याच जाडीचा नवा पत्रा हातोडी आणि डॉलीवर वळवायचा, वेल्डिंग टप्प्याटप्प्याने करायचं. एका दमात केलं तर उष्णतेने पत्र्याला लाटा येतात. शेवटचा तपास डोळ्यांचा नाही, तळहाताचा.

फायबरचं मडगार्ड लावून भागवू म्हणता? २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे २० हजार रुपये. पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. जुगाड तिथेच नडू शकतो.

आणि रंग? जुन्या पद्धतीचा एनसी पेंट दमट हवेत मारला की पांढुरका पडतो. त्यामुळे जूनमध्ये सुतार बोलवा, गणपतीनंतर डेंटर. पेंटरला दिवाळी झाल्यावरच फोन करा.