रक्तातलं किती, पाण्यातलं किती

काशीच्या पंचगंगा घाटावर पहाटेच्या अंधारात रामानंदांचा पाय पायरीवर निजलेल्या कबीराला लागला आणि त्यांच्या तोंडून निघालेलं रामनाम हीच त्याची दीक्षा ठरली, अशी आख्यायिका आहे. विणकराच्या घरच्या पोराला हा आडमार्ग धरावा लागला, कारण पात्रता जन्मावरून ठरे. आज असं उघड कुणी बोलत नाही. ‘त्यांच्या जीन्समध्येच आहे’ म्हणतात, आणि शास्त्राचा शिक्का बसल्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला ते खरं वाटतं.

शाळाही या समजाला नकळत हातभार लावते. आपल्याकडे नववीच्या विज्ञानात सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हे मुलं घोकतात आणि लक्षात ठेवतात ते ‘आदिवासींचा आजार’ एवढंच. वास्तविक हा जनुक आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. या लोकांचा वंश एक नाही. एक आहे तो हिवतापाचा इतिहास. जनुक आई किंवा बाप अशा एकाकडूनच आला तर मूल मलेरियात तगून राहण्याची शक्यता वाढते, दोघांकडून आला तर आजार होतो. म्हणून हा जनुक गडचिरोली-नंदुरबारच्या जंगलपट्ट्यात टिकला. पुढचं मात्र जनुक ठरवत नाही. जन्मल्याबरोबर तपासणी झाली, पेनिसिलिन, लसी आणि हायड्रॉक्सियुरिया वेळेवर मिळालं, तर त्याच जनुकाचं मूल मोठं होतं. पाड्यावरून दवाखाना किती लांब, हे गुणसूत्रावर लिहिलेलं नसतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे रोटीबेटी व्यवहार जातीतच होतो, मग काही आजार जातीत साठणारच ना? साठतात. तेलुगू मुलखातल्या वैश्य समाजात एका विकराची कमतरता आढळते. भुलीच्या वेळी दिलेलं स्नायू सैलावणारं औषध अशा रुग्णाच्या शरीरातून लवकर उतरत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरने अशी कमतरता आहे का, हे विचारलंच पाहिजे. पण हा व्यापारी, सुखवस्तू समाज; त्याच्या जनुकाचा उल्लेख करून त्याला कुणी कमी लेखत नाही. ‘रक्तातला दोष’ फक्त गरिबाचाच दिसतो, हे मुलांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही. शिवाय हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या 2013 च्या संशोधनानुसार सुमारे 1,900 वर्षांपूर्वीपर्यंत भारतात सर्रास सरमिसळ चालू होती. बंद दारं त्यानंतरची.

जनुकाशी संबंध नसलेल्या आजाराचंही असंच होऊ शकतं. त्यासाठी आता पुन्हा काशीला. गंगेकाठच्या 104 कुटुंबांची एक पाहणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. जे नदीत आंघोळ करत वा कपडे धूत, त्यांच्यात कॉलऱ्याचे 33 रुग्ण निघाले. जे तसं करत नसत, त्यांच्यात एकही नाही. कपडे आणि भांडी नदीवर कोण नेतं, कुणाच्या घरात नळ आहे, याला जातीचा आणि कमाईचा धागा आहेच. तेव्हा आकडे जातवार मांडले, तर फरक दिसेलही, आणि एखादा हुशार विद्यार्थी तो जनुकांच्या नावे टाकेल. त्याला गप्प न करता विचारावं: नळ बसवल्यावर हा फरक उरेल का?

वर्गात जातीचा विषय नको, असं शिक्षक म्हणतात, आणि त्यांची धास्ती समजण्यासारखी आहे. पण विषय टाळला तरी मुलांच्या डोक्यात तो आधीच असतो. अमेरिकेत विज्ञान-शिक्षणाचे संशोधक ब्रायन डॉनोव्हन यांनी शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासांत दिसलं, की धड्यात आजार वंशाशी जोडून सांगितला की वंशभेद जन्मजात असल्याचा समज बळावतो. उलट, जनुकीय फरकांपैकी बहुतेक एकाच समूहातल्या माणसामाणसांत असतात, हे आकड्यांनिशी शिकवलं की तो कमी होतो. सिकलसेलच्या धड्याला जोडून एवढं शिकवायला फार तर दोन तास जास्त लागतील.