बाजारपेठेचा उकिरडा व आपली रिकामी गाडी

बाजारच्या दिवशी तालुक्याच्या गावी भरून गेलेली आपली गाडी सायंकाळी रिकामी परत येते, ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिचा विचार करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. कोबी, मेथी, मुळे, ऊस यांच्या रूपाने आपल्या जमिनीचे सत्त्व त्या गाडीतून जाते. खाण्याजोगा भाग लोक खातात. पाला, साली, देठ व चिपाडे मात्र पेठेतच राहतात आणि काच, चिंध्या व प्लास्टिक यांत कालवली जाऊन गावाबाहेरच्या ढिगावर कुजत किंवा जळत पडतात. इकडे आपण खताची पोती विकत आणीत असतो.

याचा सारा दोष व्यापाऱ्यांवर ढकलणे आम्हांस रास्त वाटत नाही. उचलून नेणारा कोणी नसेल तर निवडून ठेवण्याची तसदी दुकानदाराने का घ्यावी? साखर कारखान्यांचे पाहावे. उसाच्या वजनाच्या शेकडा सुमारे ३० भाग निघणारे चिपाड भट्टीत जाऊन वाफ देते, साखर काढून उरलेल्या दाट पाकापासून मद्यार्क होतो आणि रस गाळून उरलेला गाळ, ज्यास प्रेसमड म्हणतात, तो शेतात येतो. तेथे प्रत्येक टाकाऊ वस्तूस गिऱ्हाईक आहे म्हणून ती वेगळी राहते. पेठेतील पाल्याचे गिऱ्हाईक आपणच व्हावयास पाहिजे.

मात्र निवड दुकानाच्या दारातच झाली पाहिजे, असा आमचा आग्रह आहे, व तो अनुभवाचा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका नगराच्या ढिगावरून दोन ट्रॉल्या खत आणले. दिसावयास काळे व भुसभुशीत होते. खुरपणीच्या वेळी एका बाईच्या पायात काच शिरली व तिला आठवडाभर घरी बसावे लागले. तिची मजुरी आम्ही दिली. पण त्या वावरातून काचा अद्यापि निघतच आहेत. एकदा कालवलेला कचरा चाळणीने पुरता शुद्ध होत नाही.

कुजविण्याची विद्या आपणांस परकी नाही. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ढीग वेळोवेळी पालटून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. पेठेच्या कचऱ्यासही तेच तत्त्व लागू पडते. मंडईचा पाला बहुतेक पाणीच असतो. तो एकटा रचला तर चिखल होऊन घाण सुटते. रसवंतीचे चिपाड याच्या उलट; ते कोरडे व चिवट असल्यामुळे एकटे लवकर कुजत नाही. दोहोंचे थर आलटून पालटून द्यावे, मध्ये शेणकाला शिंपावा. मूठ आवळली असता हातास ओल लागावी, पाणी ठिबकू नये. दोनचार दिवसांनी लोखंडी सळई आत खुपसून काढली असता ती चांगली तापलेली लागली म्हणजे काम नीट चालले असे समजावे. वखारीतील लाकडाचा भुसा प्रथम गोठ्यात अंथरावा, मूत्राने भिजला की ढिगात घालावा. केशकर्तनालयातील केस म्हटले की आमचे वाचक हसतील; परंतु केसांत शेकडा सुमारे १५ भाग नत्र असते, फक्त ते कुजावयास फार वेळ लागतो. हॉटेलातील चहाचा चोथा अवश्य घ्यावा. शिजलेले उष्टे मात्र पहिल्या वर्षी घेऊ नये. त्यात मीठ व तेल असते, आणि उंदीरकुत्र्यांचा उपद्रव होतो.

आता दुकानदारांस वळवावयाचे कसे? उपदेशाने ते वळतील असा आम्हांस भरवसा नाही. कचरा जेथे निघतो तेथेच ओला व सुका वेगळा करण्याचे बंधन २०१६ सालच्या नियमांनी घातले, तरी पुष्कळ पेठांत एकच पिंप दिसत असे. त्यांस आपली गाडी ठरल्या वारी, ठरल्या वेळी दारात दिसली पाहिजे. पाला एक दिवस जास्त राहिला की वास सुटतो, आणि मग दुकानदार पुन्हा सारे एकत्र फेकू लागतो. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत एकही खेप चुकता कामा नये. आमच्या मते पिंपे आपणच पुरवावी. पुठ्ठा व बारदान यांत आपण हात घालू नये. त्यांचा धंदा भंगारवाले नीट चालवितात. ज्या अडत्याकडे आपला माल जातो आणि ज्या दुकानातून आपण बी व औषधे घेतो, त्यांस आपला शब्द मोडणे जड जाते. तेव्हा आरंभ तेथूनच करावा. औषधाच्या रिकाम्या बाटल्या परत घेण्याविषयीही त्याच भेटीत बोलावे. त्या पाल्याच्या पिंपात पडल्या तर सर्व खटाटोप व्यर्थ जाईल.

प्रारंभी मंडईची एक ओळ व दोन रसवंत्या पुरेत. ज्या सभासदांची गाडी बाजारच्या दिवशी रिकामी परतते, त्यांनी आपले नाव व वार चिटणीसांकडे नोंदवावा. एका वारास निदान दोन गाड्या असाव्यात, म्हणजे एकाचा बैल आजारी पडला तरी खेप राहणार नाही.